हाकेला ओ

द्रव नायट्रोजनच्या टाकीत, एका रॅकच्या तळाशी, एका माणसाच्या रक्तपेशींची एक व्हायल, झाकणाची छोटी कुपी, उरली आहे. एकच. झाकणावर नाव नाही. सहा आकडी सांकेतिक क्रमांक आणि २००९ सालातली एक तारीख आहे. आत मिलिलिटरभर द्रवात साधारण एक कोटी पेशी गोठून बसल्या आहेत. मध्यंतरी आमची विद्यार्थिनी यादी घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, ही व्हायल कशासाठी वापरायची ते ठरवा ना. एलिस्पॉट लावू, फ्लो करू, की सप्रेशन?" या पेशींवर करता येणाऱ्या तीन निरनिराळ्या चाचण्या. मी म्हटलं, उद्या सांगते. त्या उद्याला आता तीन आठवडे झाले.

त्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही. पुरुष की बाई, तेही ठाऊक नाही. माहीत आहे ते इतकंच, की एचआयव्हीची लागण होऊन वर्षं उलटली होती, औषध सुरू नव्हतं, आणि तरीही रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या पन्नास प्रतीसुद्धा सापडत नव्हत्या. लागण झालेल्यांत अशा माणसांचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असतं. त्यांना 'एलिट कंट्रोलर' म्हणतात. त्यांच्या पेशी औषधाविना विषाणूला आवर घालतात. कशा घालतात, हे विचारण्यात कितीतरी जणांची उमेदीची वर्षं गेली आहेत, त्यात थोडी माझीही.

अशी व्हायल आता नव्याने मिळणं अवघड. सप्टेंबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली, की सीडी-४ पेशींची (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या मदतनीस पांढऱ्या पेशींची) संख्या कितीही असो, लागण कळली की औषध सुरू करावं. तोवर ही संख्या ठरावीक पातळीखाली उतरायची वाट पाहिली जायची. शिफारस योग्यच होती, तिच्यामुळे माणसं वाचली. पण तिचा एक अर्थ असाही, की वर्षानुवर्षं औषधाविना झुंजणाऱ्या पेशींचे नमुने पूर्वीसारखे गोळा होणार नाहीत. आणि होऊही नयेत. जे साठवलेलं आहे तेवढंच.

आणि त्यातली एक व्हायल मी वाया घालवली आहे. दोन होत्या.

पेशी गोठवताना त्यांना दहा टक्के डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये ठेवतात, म्हणजे आत बर्फाचे टोकदार स्फटिक होत नाहीत. तापमान मिनिटाला एक अंश या बेतानं उणे ऐंशीपर्यंत उतरवायचं आणि मग टाकीत, जिथे नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो. गोठवणं सावकाश, वितळवणं झटपट. ३७ अंशांच्या पाण्यात व्हायल हलकेच फिरवायची आणि तांदळाच्या दाण्याएवढा बर्फ उरला की बाहेर काढायची. यापुढचा टप्पा मात्र पुन्हा संथ. पेशी आतून त्या द्रावणानं भरलेली असते. कोमट मीडियम, म्हणजे पेशींना पोसणारं द्रावण, एकदम ओतलं तर पाणी आत घुसतं आणि पेशी फुटते. म्हणून थेंब, मग थांबायचं, मग थेंब. हे मला पाठ होतं. त्या दिवशी सेंट्रिफ्यूजवरची, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रावरची, माझी वेळ संपत आली होती, मागे दुसरं कुणी ताटकळत उभं होतं, आणि मी दहा मिलिलिटर मीडियम एका दमात सोडलं. ट्रायपॅन ब्लू घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. जिवंत पेशी हा रंग बाहेरच ठेवते आणि चमकते, मेलेली निळी पडते. शंभरातल्या साठाहून जास्त निळ्या होत्या.

तरीही मी त्या दिवशी एलिस्पॉटची प्लेट लावली. तिच्यात छोटे खळगे असतात, त्यांना वेल म्हणतात, आणि पेशीनं प्रतिसाद दिला की तिथे ठिपका उमटतो. दुसऱ्या दिवशी एकाही वेलमध्ये ठिपका नव्हता. विषाणूच्या पेप्टाइडच्या, म्हणजे प्रथिनाच्या तुकड्यांच्या, वेलमध्ये नाही, आणि पीएचएच्या वेलमध्येही नाही. पीएचए म्हणजे फायटोहिमॅग्लुटिनिन, राजम्याच्या बियांतून निघणारं प्रथिन. रक्तातल्या लाल पेशी एकत्र चिकटवून बाजूला काढायला ते वापरत असत. १९६० मध्ये पीटर नॉवेल यांच्या लक्षात आलं, की त्याच्या सहवासात पांढऱ्या पेशी विभाजित व्हायला लागतात. तेव्हापासून टी-पेशी, म्हणजे विषाणूशी लढणारी एक पांढरी पेशी, 'जिवंत आणि धडधाकट आहे ना' हे विचारायला ते वापरलं जातं. निरोगी टी-पेशी पीएचएला ओ देतेच. इथे कुणीच दिली नव्हती. ती एक वेल मी लावली नसती, तर वहीत लिहिलं असतं, 'या व्यक्तीत विषाणूच्या गॅग प्रथिनाविरुद्ध प्रतिसाद आढळला नाही.' मेलेल्यांच्या मौनाला मी नकार समजले असते. त्या दिवसापासून कंट्रोलची, म्हणजे ताडून पाहायची, वेल वाचवून पेशींची बचत करू पाहणाऱ्यांशी मी भांडते.

ओ देणं हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. पाठ्यपुस्तकात 'इम्यून रिस्पॉन्स'साठी प्रतिसाद हा शब्द येतो आणि तो बरोबर आहे. पण रोजच्या कामात मला हाक आणि ओ हेच दिसतं. आपण पेशीला विषाणूचा एक तुकडा दाखवून हाक मारतो. मग कोण ओ देतं, किती जण देतात, ओ देऊन तिथेच बसून राहतात की उठून कामाला लागतात, हे प्रश्न निरनिराळे आहेत. आमच्याकडची प्रत्येक पद्धत त्यातला एकेकच विचारू शकते.

या सगळ्याआधी रक्तातून त्या पेशी वेगळ्या करायच्या असतात. त्याची रीत नॉर्वेच्या आर्ने बॉयम यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजही ती जवळजवळ तशीच चालते. साखरेपासून केलेल्या फायकॉल नावाच्या बहुवारिकाचं (पॉलिमरचं), १.०७७ घनतेचं द्रावण नळीत घ्यायचं. त्यावर पातळ केलेलं रक्त नळीच्या कडेनं असं सोडायचं, की दोन्ही एकमेकांत मिसळता कामा नयेत. अर्धा तास फिरवायचं आणि शेवटी ब्रेक लावायचा नाही, चक्र आपोआप थांबू द्यायचं. लाल पेशी तळाला जातात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो, आणि मध्ये एक पांढुरकं, ढगाळ कडं तरंगतं. टी-पेशी, बी-पेशी, एनके पेशी, मोनोसाइट सगळ्या त्या कड्यात. मिलिलिटरभर रक्तातून जेमतेम दहा लाख. इतक्या वर्षांनीही ते कडं स्पष्ट दिसलं की मला बरं वाटतं. हे काम दुहेरी हातमोजे घालून, जैवसुरक्षा कपाटात, काच आणि सुई टाळून करायचं असतं. पहिले काही महिने भीती वाटते, मग भीतीची जागा सवय घेते. सवय जास्त धोक्याची, असं मी नव्यांना सांगते.

विषाणू सापडण्याआधीच या पेशींनी त्याची चाहूल दिली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या साथरोग पत्रिकेत लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची नोंद छापून आली. त्यांना एरवी अतिशय दुर्बळ रुग्णांनाच होणारा न्यूमोनिया झाला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मायकेल गॉटलिब आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या टी-पेशी मोजून दाखवल्या. मदतनीस पेशी, ज्यांना आपण आज सीडी-४ म्हणतो, जवळपास नाहीशा झाल्या होत्या. ही मोजणी शक्य झाली, कारण १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याचं प्रतिपिंड (अँटीबॉडी) हवं तेवढं बनवायची युक्ती काढली होती, आणि त्या मोनोक्लोनल प्रतिपिंडांनी टी-पेशींचे प्रकार नुकतेच वेगळे ओळखता येऊ लागले होते. विषाणू पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सापडला तो १९८३ मध्ये. म्हणजे दीडएक वर्ष हातात फक्त ही अनुपस्थिती होती: अमुक पेशी इथे असायला हव्यात आणि नाहीत. दहा वर्षं आधी ही साथ पसरती, तर कोण नाहीसं झालं हेसुद्धा कळलं नसतं.

आता एलिस्पॉट. हिच्यावर माझं प्रेम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

९६ वेलची प्लेट. प्रत्येक वेलच्या तळाशी पडदा, आणि पडद्यावर आधीच चिकटवलेलं एक प्रतिपिंड, जे गॅमा-इंटरफेरॉन नावाचं रसायन पकडतं. वर दोन लाख पेशी सोडायच्या आणि हाक मारायची. हाक म्हणजे विषाणूच्या प्रथिनाचे छोटे तुकडे. एचआयव्हीचं गॅग प्रथिन साधारण ५०० अमिनो आम्लांचं असतं. त्याचे १५-१५ आम्लांचे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा चार आम्लं पुढे सरकलेला, म्हणजे अकरा आम्लं दोघांत सामाईक. ओळखीची जागा दोन तुकड्यांच्या सांध्यावर पडून निसटू नये म्हणून हा खटाटोप. असे सुमारे १२० तुकडे होतात. एवढ्या वेल एका माणसाच्या पेशींतून लावणं परवडत नाही, म्हणून तुकडे गटागटानं एकत्र करतात, आणि प्रत्येक तुकडा दोन वेगळ्या गटांत येईल असं कोष्टक मांडतात. उभ्या आणि आडव्या गटांत जिथे ठिपके उमटले, त्यांच्या छेदावरचा तुकडा हवा तो. शब्दकोडं सोडवल्यासारखं असतं ते.

मग प्लेट इन्क्युबेटरमध्ये, रात्रभर. तिला हात लावायचा नाही. दार धाडकन लावायचंही नाही, कारण पेशी जिथे बसली तिथेच तिनं रसायन सोडायला हवं. प्लेट हलली तर पेशी घरंगळते आणि ठिपक्याला शेपूट फुटतं. माझ्या मॅडम त्या कपाटाच्या दारावर कागद लावत, 'आत झोपले आहेत.' सकाळी पेशी धुवून टाकायच्या. मग दुसरं प्रतिपिंड, मग एन्झाइम, मग रंग देणारं द्रावण, आणि पाचदहा मिनिटांत पांढऱ्या पडद्यावर निळे-जांभळे ठिपके उमटू लागतात. एक ठिपका, एक पेशी. ती आता तिथे नाही, सिंकमधल्या ब्लीचमध्ये गेली, पण रात्रभर कुठे बसली होती आणि तिनं ओ दिली होती, याची ही खूण. १९८३ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली तेव्हा ती प्रतिपिंडं सोडणाऱ्या बी-पेशी मोजण्यासाठी होती. टी-पेशींकडे ती नंतर वळली. मोजणीयंत्र आज सेकंदात आकडा देतं. मी तरीही प्रत्येक प्लेट एकदा डोळ्यांनी पाहते. गडद टपोरा ठिपका आणि फिकट पसरट ठिपका यांत फरक आहे. भरभरून ओ देणारी आणि ओढूनताणून देणारी, हे आकड्यात उतरत नाही.

पण ठिपका सांगत नाही, की पेशी कोणती होती. मारेकरी सीडी-८ की मदतनीस सीडी-४? नवखी की मुरलेली? तिनं आणखी काय केलं? त्यासाठी फ्लो सायटोमेट्री. पेशींना रंगीत प्रतिपिंडं लावायची आणि बारीक धारेतून एकेक करून लेझरसमोरून जाऊ द्यायच्या. सेकंदाला हजारो जातात आणि प्रत्येकीच्या अंगावरचे रंग यंत्र टिपून घेतं. या रंगांपैकी एक, फायकोएरिथ्रिन, समुद्रातल्या लाल शेवाळातून येतो. समुद्रातलं शेवाळ आणि माणसाची टी-पेशी लेझरच्या एका क्षणात भेटतात, हे मला दर वेळी नव्यानं नवल वाटतं.

आतलं रसायन पाहायचं तर एक युक्ती करावी लागते. ब्रेफेल्डिन नावाचं द्रव्य पेशीतून बाहेर जाणारी वाहतूक बंद करतं. हाक मारल्यावर थोड्या वेळानं ते घालायचं. पेशी इंटरफेरॉन बनवते, पण सोडू शकत नाही. ओ घशातच अडकते. मग तिला फॉर्मल्डिहाइडनं आहे तशी स्थिर करायची, तिच्या आवरणाला बारीक छिद्रं पाडायची, आणि आत रंगीत प्रतिपिंड सोडायचं. एलिस्पॉटमध्ये पेशी जाते आणि ओ उरते. इथे पेशी उरते, घशात अडकलेल्या ओसकट.

या पद्धतीनं एकाच पेशीचे पाच-पाच गुण एकदम पाहता आले. इंटरफेरॉन, टीएनएफ, इंटरल्यूकिन-२, एमआयपी-१बीटा ही पेशीनं बनवलेली रसायनं, आणि सीडी-१०७ए. शेवटचा गुण मला विशेष वाटतो. मारेकरी पेशीच्या पोटात विषारी कण एका पिशवीत बंद असतात. ती पिशवी शत्रूवर रिकामी होताना तिचं अस्तर क्षणभर पेशीच्या बाहेरच्या बाजूला येतं. त्या अस्तरावरची खूण म्हणजे सीडी-१०७ए. म्हणजे या पेशीनं वार केला, याचा पुरावा. २००६ मध्ये मायकेल बेट्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ज्यांचा आजार वर्षानुवर्षं वाढत नाही त्यांच्या सीडी-८ पेशींत असे अनेक गुण एकत्र असणाऱ्या पेशी जास्त टिकून असतात. ओ देणारे किती, यापेक्षा ओ देणारा किती कामं करतो हे बोलकं निघालं.

फ्लोची एक गोष्ट मला खुपते. ठिपक्यांच्या ढगात चौकट कुठे आखायची, म्हणजे गेटिंग, हे शेवटी माणूस ठरवतो. चौकट केसभर सरकवली की ०.०४ टक्क्याचं ०.०७ होतं, आणि एचआयव्हीच्या बाबतीत आम्ही नेमके याच आकड्यांच्या आसपास वावरत असतो. म्हणून मेलेल्या पेशी आधी वगळायच्या, कारण त्यांना कोणतंही प्रतिपिंड चिकटतं. आणि चौकट आधी कंट्रोल नळीवर आखायची, कुलूप लावल्यासारखी पक्की करायची, मगच रुग्णाची नळी उघडायची. उलट्या क्रमानं काम करणारे पाहिले आहेत. त्यांना हवं ते उत्तर मिळतं.

काही पेशी हाक ओळखतात, पण ओ देत नाहीत. त्या कशा शोधायच्या? टी-पेशी विषाणूचा तुकडा नुसता ओळखत नाही. तो आपल्याच पेशीच्या पृष्ठभागावरच्या एचएलए प्रथिनाच्या ओंजळीत ठेवलेला असेल तरच ओळखते. या नियमाचा पाया झिंकरनॅगल आणि डोहर्टी यांनी १९७४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत घातला. ती ओंजळ प्रयोगशाळेत बनवून पेशीला दाखवली तर? एकटी ओंजळ दाखवली तर पेशीची पकड लगेच सुटते. १९९६ मध्ये जॉन ऑल्टमन, मार्क डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी चार ओंजळी एकत्र बांधल्या, त्याला रंग लावला, आणि पकड टिकली. हाच टेट्रामर. पेशी गप्प असली तरी ती कुणाला ओळखते हे त्यानं कळतं. आणि २००६ मध्ये त्यातून एक दुखरी गोष्ट पुढे आली. जुन्या संसर्गात एचआयव्हीला ओळखणाऱ्या कितीतरी पेशी जिवंत असतात, टेट्रामर त्यांना धरतो, पण त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाची खूण दाट असते आणि त्या थकलेल्या असतात. रोज, सतत, तीच हाक ऐकून थकलेल्या. नळीत पीडी-१ चा मार्ग अडवला की त्यांतल्या काही पुन्हा बोलू लागल्या. नुसता एलिस्पॉट लावणाऱ्याला त्या नाहीतच असं वाटलं असतं.

इथवर सगळं ओ ऐकण्याचं. पण ओ म्हणजे काम नव्हे, हे आमच्या क्षेत्राला फार महागात पडून कळलं. एका अ‍ॅडिनोव्हायरसवर (सर्दीच्या एका विषाणूवर) एचआयव्हीची तीन प्रथिनं चढवून केलेल्या लशीची 'स्टेप' नावाची चाचणी सुमारे ३,००० स्वयंसेवकांवर सुरू होती. बहुतेकांच्या रक्तात एलिस्पॉटचे ठिपके छान उमटत होते. सप्टेंबर २००७ मध्ये चाचणी थांबवावी लागली: लशीनं लागण रोखली नव्हती, लागण झालेल्यांत विषाणू कमीही केला नव्हता, आणि काही गटांत तर लस घेतलेल्यांना लागण जास्त झाली होती. ती बातमी वाचली तेव्हा माझ्या टेबलावर धुवून वाळत घातलेली एक प्लेट होती. मी तिच्याकडे बराच वेळ पाहत बसले. ठिपके खरे होते. आम्ही त्यांना भलताच प्रश्न विचारला होता. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या ५७८ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गॅग प्रथिनाच्या जास्तीत जास्त तुकड्यांना ओ देणाऱ्यांच्या रक्तात विषाणू कमी होता, आणि बाहेरच्या आवरणाच्या प्रथिनाच्या बाबतीत उलटंच चित्र होतं. म्हणजे ओ कुणाच्या हाकेला दिली, हेही तितकंच महत्त्वाचं.

मग काम कसं मोजायचं? याचं उत्तर एका जुन्या निरीक्षणात आहे. १९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जे लेव्ही यांच्या प्रयोगशाळेत लागण झालेल्या काहींच्या रक्तातून विषाणू वाढवता येत नव्हता. त्या रक्तातून सीडी-८ पेशी काढून टाकल्या, आणि विषाणू उसळून वर आला. त्याच पेशी परत घातल्या, आणि तो पुन्हा दबला. रंग नाही, लेझर नाही, फक्त काढून पाहा आणि घालून पाहा. पुढे १९९९ मध्ये हाच प्रश्न माकडांच्या शरीरात विचारला गेला: प्रतिपिंड देऊन सीडी-८ पेशी तात्पुरत्या घालवल्या, आणि माकडांतला एसआयव्ही, एचआयव्हीचा भाऊबंद, भराभर वाढला, पेशी परतल्या तसा तो ओसरला. इतका स्वच्छ प्रयोग मी फार थोड्या वेळा वाचला आहे.

आमची विद्यार्थिनी ज्याला 'सप्रेशन' म्हणते ते याच घराण्यातलं. एकाच माणसाच्या रक्तातून सीडी-४ आणि सीडी-८ पेशी वेगळ्या करायच्या. सीडी-४ ना पीएचए आणि इंटरल्यूकिन-२ देऊन तीन दिवस जागं करायचं, मग त्यांना विषाणूची लागण करायची. काही वेलमध्ये त्या एकट्या, काहींत त्यांच्या सोबत त्याच माणसाच्या सीडी-८. सात-एक दिवस रोज थोडा द्रव काढून विषाणूचं पी-२४ प्रथिन मोजायचं. पाश्चर इन्स्टिट्यूटच्या गटानं २००७ मध्ये दाखवलं, की कंट्रोलर माणसांच्या सीडी-८ पेशी रक्तातून नुकत्या काढलेल्या असतानाच, कुठलीही तालीम न देता, हे दमन करतात. यात मी हाक मारत नाही, विषाणू स्वतःच मारतो. पेशींना हवं ते करायची मुभा असते. उत्तर मात्र एकाच आकड्यात येतं, विषाणू किती दबला. कसा दबला, हे कळत नाही.

एक शंका मला झोपू देत नाही. शरीरातल्या लिम्फोसाइटपैकी (टी-पेशी, बी-पेशी यांसारख्या पांढऱ्या पेशींपैकी) रक्तात फिरणाऱ्या साधारण दोन टक्केच. उरलेल्या लसिका ग्रंथींत, प्लीहेत, आतड्याच्या अस्तरात. एचआयव्ही सीडी-४ पेशी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त मारतो तो आतड्यात, आणि आम्ही दंडातून नळी भरतो. वॉर्नर ग्रीन यांच्या गटानं टॉन्सिल आणि प्लीहेच्या ऊतींत दाखवलं, की मरणाऱ्या सीडी-४ पेशींपैकी ९५ टक्क्यांहून जास्त पेशींत विषाणूची पैदास होतच नसते. विषाणू आत शिरतो, त्याचं काम अर्ध्यात अडतं, पेशीला आत परक्या डीएनएचा सुगावा लागतो, आणि ती दाहाचा भडका उडवून स्वतःला संपवते. रक्तातून काढलेल्या पेशी मात्र तितक्या सहज असं करत नाहीत. तीच पेशी, तोच विषाणू, पण शेजार बदलला की वागणं बदलतं. टाकीतली ती व्हायल रक्ताची आहे. ग्रंथीत काय चाललं होतं ते ती सांगू शकणार नाही, आणि ज्याला विचारावं तो माणूस आज कुठे आहे, आहे की नाही, मला माहीत नाही. संमतिपत्रावर त्यानं किंवा तिनं सही केली, हात पुढे केला, एवढाच आमचा संबंध.

काल मी विद्यार्थिनीला बोलावलं. म्हटलं, सप्रेशन करू. एक कोटीतून वितळवल्यावर सत्तर लाख मिळाल्या, तर सीडी-८ पंधरा लाखांच्या आसपास निघतील. लहान प्लेटमध्ये, तीन-तीन वेलमध्ये, दोन प्रमाणांत बसतं. चार लाख पेशी आधीच बाजूला काढून एलिस्पॉटच्या दोन वेल लावायच्या, एक गॅगची, एक पीएचएची. ती म्हणाली, "पीएचएची गरज आहे का? तेवढ्या पेशी तिकडे वापरता येतील." मी तिला पहिल्या व्हायलची गोष्ट सांगितली. कुणाला सांगायची ही पहिलीच वेळ.

आज सकाळी व्हायल बाहेर काढली. वितळवायला तिच्या हातात दिली. तिनं विचारलं, "नक्की? मी?" मी सेंट्रिफ्यूज तासभर अडवून ठेवला होता, मागे कुणीही उभं नव्हतं. ती थेंब सोडत होती, नळी हलकेच फिरवत होती, थांबत होती. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. मग ट्रायपॅन ब्लू, मग मोजणीचं चेंबर, मग ती सूक्ष्मदर्शकावर वाकली आणि पुटपुटत मोजू लागली. पहिला चौकोन, दुसरा, तिसरा, चौथा. मी खिडकीशी उभी होते.

"मॅडम," ती म्हणाली, "एक्याऐंशी टक्के जिवंत आहेत."